कासवाला शिकवलेलं नाव

माझ्याकडून भूमिती काढून घेतली आणि मला पाचवीचं गणित दिलं, त्याचं कारण शाळेत कुणी तोंड उघडून सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, बाई, तुम्हाला जरा आराम. आराम म्हणे! चाळिशीसुद्धा गाठली नव्हती मी. नववी-दहावीला प्रमेयं शिकवणारी धडधाकट बाई लसावि-मसाविवर नेऊन बसवली आणि वर उपकाराची भाषा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तो आराम मला अजून टोचतो. म्हणून काय झालं होतं ते एकदाचं सांगून टाकते.

शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. चिकलठाण्याचे कारखाने जुने होत आले होते आणि वाळूजला नवे उठत होते. पाळीच्या बसगाड्या माणसं कोंबून न्यायच्या. कन्नड, पैठण, सिल्लोडकडची माणसं मेंढरं, शेतं सोडून इथं रोजावर येत होती. मीही कन्नडच्याच बाजूची. आजोबा आमचे घाटात कळप घेऊन हिंडायचे. शहरात भाड्याची खोली बघायला गेले की घरमालकीण आधी आडनाव विचारायची, नळाला पाणी कधी येतं ते मग सांगायची. आणि या सगळ्यात विद्यापीठाच्या नामांतराची लढाई चाललेली. कधी मोर्चा, कधी बंद, क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या. एका नावावरून शहर दोन्ही बाजूंनी ताणलेलं होतं, तशी आमची शिक्षकांची खोलीसुद्धा.

आमचे हेडसर नामांतराच्या विरोधात. ते काही लपवायचे नाहीत. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात घेऊन भाषण चालायचं. नाव म्हणजे अस्मिता, नाव म्हणजे इतिहास, आज कुणी उठून म्हणेल म्हणून ते बदलायचं काय, मग मागच्या पिढ्यांनी काय केलं ते पुसून टाकायचं काय. बाकीचे माना डोलवायचे, नाहीतर मूग गिळून बसायचे. मी एकदा म्हटलं, सर, ज्यांची नावं कुठंच लागली नाहीत त्यांच्याही मागच्या पिढ्या होत्या की. त्यावर त्यांनी मला त्या दिवशीचा बदली तास लावला. असा त्यांचा स्वभाव.

तर वाळूजच्या एका कारखान्यानं शाळेला दोन कॉम्प्युटर भेट दिले. त्यात भूमिती शिकवायचा एक प्रोग्रॅम होता. तो शिकून यायला उन्हाळ्याची सुट्टी घालवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मला प्रशिक्षणाला पाठवलं. मी गेले आणि इमानानं सांगते, खुळी होऊन आले. पडद्यावर एक इवलंसं टोकदार चिन्ह, त्याला कासव म्हणायचं. त्याला इंग्रजीत दोन-चार सोपे शब्द कळायचे. इतकं पुढं जा, इतके अंश उजवीकडं वळ. ते चालायचं आणि मागं रेघ सोडायचं. चुकीचं सांगितलं तर चुकीचं चालायचं, रागवायचं नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे त्याला आपण नवा शब्द शिकवू शकत होतो. आपण काढलेल्या आकृतीला हवं ते नाव द्यायचं, कासवाला शिकवायचं, मग नुसतं नाव टाइप केलं की ते आकृती काढून दाखवणार. न शिकवलेला शब्द टाकला तर खाली इंग्रजीत ओळ यायची, की हे मला येत नाही. अशी कबुली देणारा शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता.

शाळेत त्याचं काय झालं ऐका. कॉम्प्युटर ठेवायला गजांची खिडकी आणि पक्कं छत असलेली खोली पाहिजे होती. तशी खोली नववी क ची. हेडसरांनी नववी क ला सायकल स्टँडच्या पत्र्याखाली हलवलं आणि खोलीत कॉम्प्युटर आणले. दारात नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, मखमलीचं झाकण शिवून घेतलं. चपला बाहेर काढायच्या. आत फक्त अ तुकडी जाणार. तुकड्या गुणांवर पडतात असं हेडसर सांगायचे. पडतही असतील. पण मी क ची हजेरी घेताना आडनावं वाचत गेले की माझ्यापुढं शहरातल्या वस्त्या एकेक करून उभ्या राहायच्या. ज्यांची खोली गेली त्यांनाच त्या खोलीत बंदी, आणि याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

अ तुकडीला तरी काय मिळालं? हेडसरांनी कासवाच्या आज्ञा फळ्यावर लिहून दिल्या. पोरांनी वहीत उतरवल्या, लाल शाईनं अधोरेखित केल्या आणि पक्ष, साध्य, रचना, सिद्धता घोकतात तशा घोकल्या. कॉम्प्युटर झाकलेले, आणि पोरं उभी राहून म्हणतायत, पुढे शंभर, उजवीकडे एकशेवीस, पुढे शंभर. तोंडी परीक्षा घेतली हो त्यांची! कपाळ माझं. त्रिकोणाचा कोन साठचा, मग कासव एकशेवीस का वळतं, असं एकानंही विचारलं नाही. हा एक प्रश्न पडावा म्हणून ते सगळं मशीन बनवलेलं. मी हेडसरांना तसं बोलले, तर म्हणाले, पोरांना चुका करू दिल्या तर मशीन बिघडेल.

क ला मी पत्र्याखाली भूमिती शिकवायचे. दुपारी पत्रा तापला की डोकी भणभणायची, मग मी त्यांना मैदानात लिंबाच्या सावलीला न्यायचे. खो-खोच्या आखणीचा चुना होताच. एका मुलीच्या हातात चुन्याचं डबडं दिलं आणि म्हटलं, तू कासव. बाकीच्यांनी सांगायचं, तू चालायचं, चुना सांडत जायचा. त्रिकोण काढा. पोरांनी सांगितलं, दहा पावलं चाल, साठ वळ. ती चालली, वळली, चालली, वळली, आणि त्रिकोण राहिला बाजूला, ती निघाली पाण्याच्या टाकीकडं. पोरं हसून बेजार. तिला नाही हसू आलं. ती जागीच उभी राहिली, आपल्या पायांकडं बघितलं, मागच्या रेघेकडं बघितलं.

म्हणाली, “बाई, ह्ये सांगत्यात तो आतला कोन हाय. मी वळतीय ती भाईरून.”

मी वीस जणांना बाह्यकोन समजावताना घसा कोरडा केलेला, आणि ही पोरगी तो पायानं शिकली. मग तिनंच पुढचं काढलं, की आकृती कुठलीही असो, जिथून निघालो तिथं तसंच तोंड करून यायचं तर पुरता एक फेरा वळावाच लागतो. त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षावाल्यालासुद्धा हे सांगितलं.

या मुलीबद्दल सांगायला पाहिजे. नावं मी इथं कुणाचीच घेणार नाही, तिचंही नाही, पण तिचं नाव असं होतं की ऐकलं की माणसं पुढचं काही विचारायची नाहीत, वस्ती त्यांना आपोआप कळायची. बाप चिकलठाण्याला हमालीवर. नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाल्लेला, हर्सूलच्या तुरुंगात राहून आलेला. मला लोक आडनाव विचारायचे ते आणि हिच्या वाट्याला यायचं ते, याची मी बरोबरी करत नाही. माझं आडनाव ऐकून घरमालकीण नाक मुरडायची, पण खोली द्यायची. ही पोरगी वर्गात शेवटच्या रांगेत बसायची आणि मला रोज एकच विचारायची, बाई, आमचा नंबर कधी लागंल? आपल्या बोटानं एकदा कासव चालवायचं, एवढंच तिला पाहिजे होतं. कुणाचं राज्य मागत नव्हती ती.

नंबर लागला तो हेडसरांचं गाडं अडलं म्हणून. कारखान्याचे साहेब भेट दिलेल्या कॉम्प्युटरवर मुलं काय करतात ते बघायला येणार होते. अ तुकडीला पाठ केलेल्यापलीकडं काही येत नव्हतं. हेडसर मला म्हणाले, बाई, काहीतरी नेत्रदीपक बसवा. मी म्हटलं, बसवते, पण शनिवारी सकाळी खोली क ला द्यायची. त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि साहेब येऊन जाईपर्यंत घ्या, पुढचं पुढं बघू, असं म्हणून किल्ली दिली.

त्या शनिवारांसारखं शिकवणं मी पुन्हा कधी केलं नाही. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून कासवाला शब्द शिकवायची. कुणी पतंग, कुणी छत्री, कुणी आपल्या बकरीचं नाव. ही मुलगी बसली तेव्हा तिनं आधी काही काढलं नाही. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, स्वतःचं नाव टाइप केलं. खाली ओळ आली, हे मला येत नाही. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिनं लक्ष दिलं नाही. तिनं त्रिकोण शिकवला, मग किंचित वळायला शिकवलं, आणि शेवटच्या ओळीत परत आपलंच नाव लिहिलं. म्हणजे आकृतीच्या पोटातून आकृती स्वतःलाच हाक मारणार. एक त्रिकोण, जरा वळ, परत मी, जरा वळ, परत मी. त्याची भिंगरी होते आणि फिरतच राहते, थांबवायचं बटण दाबेपर्यंत. हे बटण मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मग तिनं परत नाव टाइप केलं आणि कासव निघालं.

ती माझ्याकडं वळून म्हणाली, “बाई, आता ह्याला मी माहीतंय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

साहेब यायच्या आदल्या दिवशी हेडसर तालीम बघायला आले. भिंगरी बघून एकदम खूश. वाहवा, हेच दाखवू शेवटी. मग ती कुठल्या शब्दानं निघते ते त्यांनी वाचलं आणि चेहरा उतरला. मला बाहेर व्हरांड्यात घेतलं. म्हणाले, दिवस कसले चाललेत बघताय ना, हे नाव पडद्यावर बघून लोक नाही नाही ते बोलतील. आकृतीला संस्थापकांचं नाव द्या, आणि बटण दाबायला अ तुकडीतला मुलगा बसवा, त्याला टाय आहे. मी म्हटलं, आकृती तिची, नाव तिचं, दाबणार तीच.

ते हसले. मला समजावतायत असे हसले. “बाई, नावच तर बदलायचंय. आकृती तीच राहते ना? त्यात एवढं काय?”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इतकी वर्षं ज्या माणसानं चहाचे कप रिकामे करत अस्मिता, इतिहास ऐकवलं, त्याला एका पोरीचं नाव पुसायला दोन मिनिटं लागत नव्हती, आणि त्यात एवढं काय हेही त्याला दिसत नव्हतं. मी तेच त्यांना तोंडावर सांगितलं. म्हटलं, सर, मग विद्यापीठाची इमारतही तीच राहणार आहे. ते म्हणाले, शाळेत राजकारण आणू नका, आणि किल्ली मागून घेतली. संध्याकाळी टायवाल्या मुलाला बोलावून त्यांनी आकृतीचं नाव बदलून घेतलं. जुनं नाव पुसायचा हुकूमही कासवाला दिला, फ्लॉपीवरसुद्धा बदललेलंच ठेवलं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला होता. पोरीनं घरी सांगितलेलं, साहेबांपुढं माझी भिंगरी हाय. त्यानं रोज बुडवला होता, इस्त्रीचा सदरा घातला होता. आत पालकांना जागा नाही म्हणून फाटकावर अडवलं, तर तो मागून येऊन खोलीच्या खिडकीच्या गजांशी उभा राहिला. बाकीच्या क ला पत्र्याखाली आवाज न करता बसवून ठेवलं होतं. मुलीला मी आत आणलं. विचारलं तर सांगितलं, मशीन अडलं तर हिची गरज लागेल. रागानं बोलले होते, खरं होईल असं वाटलं नव्हतं.

साहेब आले, हार झाले. अ तुकडीनं पाठ केलेलं सगळं नीट दाखवलं, टाळ्या पडल्या. शेवटी टायवाल्या मुलानं संस्थापकांचं नाव टाइप केलं. कासवानं एक त्रिकोण काढला, जरासं वळलं आणि थांबलं. खाली ओळ आली, हे मला येत नाही, आणि त्यापुढं ठळक अक्षरांत मुलीचं नाव.

त्यांनी वरचं नाव बदललं होतं. शेवटच्या ओळीत आकृती जुन्याच नावानं स्वतःला हाक मारत होती, ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. घोकणारा माणूस पोटात शिरून कशाला वाचेल? कासव तिला हाक मारत होतं, आणि तिला तर आदल्या संध्याकाळी पुसून टाकलेलं.

साहेब वाकले. नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, हे कोण?

हेडसर पुढं झाले. “काही नाही साहेब, व्हायरस आहे. हल्ली येतो म्हणे, पेपरात वाचलं.” आणि भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं. दोन्ही पडदे काळे.

मी म्हटलं, “व्हायरस नाही साहेब. ते माझ्या विद्यार्थिनीचं नाव आहे. ही आकृती तिची आहे आणि ती ही उभी आहे.” साहेबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घड्याळ बघितलं. अच्छा, अच्छा, व्हेरी गुड, म्हणाले आणि शेजारच्या खोलीत चहा मांडला होता तिकडं निघाले. मला हेडसरांच्या व्हायरसचा जितका संताप आला, तितकाच त्या व्हेरी गुडचाही आला. विचारलंत ना, कोण म्हणून? मग उत्तर ऐकायला थांबायचं होतं एक मिनिट.

सगळे गेले. खोलीत ती आणि मी. तिनं विचारलं, “बाई, व्हायरस म्हंजे काय?”

वर्गात मी पोरांशी खोटं बोलत नसे. सांगितलं, मशीनला होतो तो आजार. तिनं मान हलवली. ती रडेल म्हणून मी पदर सरसावून उभी, तर ती काळ्या पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मंग परत शिकवावं लागंल ह्याला.”

मी मेन वर ढकललं. ती खुर्चीवर बसली, चपलांसकट. मखमलीचं झाकण जमिनीवर पडलेलं होतं, ते तसंच राहू दिलं. बाहेरून बापाला काय चाललंय ते कळत नव्हतं. तो गजाला तोंड लावून विचारायला लागला, ह्यात तू कुठंयस गं? ती म्हणाली, थांबा आबा, अजून नाय. शेजारून कपबश्यांचा आवाज येत होता. तिनं त्रिकोण शिकवला, किंचित वळायला शिकवलं, आणि शेवटची ओळ लिहिताना तिनं ती अक्षरं तोंडानं म्हटली.

इतक्यात हेडसर दारात आले, हातात कुलूप. म्हणाले, बाहेर या, खोली बंद करायचीय. मी उंबऱ्यावर उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. म्हटलं, ती उठेल तेव्हा करा. ते म्हणाले, बाई, याचा परिणाम चांगला होणार नाही. तो नाहीच झाला. सोमवारी क ला शनिवार उरला नव्हता आणि मला भूमिती उरली नव्हती. पण त्या घटकेला मी हलले नाही. आणि मागं तिनं नाव टाइप केलं.

“आबा, हे मी,” ती म्हणाली. मी मान वळवून बघितलं. भिंगरी सुरू झाली होती, आणि बाप गज धरून बघत होता. हेडसर म्हणाले, झालं ना, आता थांबव ते. थांबवायचं बटण तिला ठाऊक होतं. तिनं ते दाबलं नाही.